आत्याचा कोट

आत्याने उजवा हात बाहीत घातला आणि कोट कुठे अडकतोय याची वाट पाहत आरशासमोर थांबली. अडकला नाही. डावा हातही सरळ गेला.

"हं," ती म्हणाली. एवढंच.

भाची इस्त्रीपाशी उभी होती. कापडावर पाणी शिंपडायचं सोडून ती आत्याच्या खांद्यांकडे बघत होती.

सात वर्षं आत्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या घेत होती. श्वास परत आला, पण येताना अंगाचं माप बदलून आला. चेहरा गरगरीत झाला, मानेमागे गादीसारखा उंचवटा चढला, पोट सुटलं. हातपाय मात्र काटक्या. कातडी इतकी पातळ, की टेबलाची कड लागली तरी जांभळा डाग उठायचा. मानेवरची शाल ती भर उन्हाळ्यातही काढत नसे. पुरुषांचे कोट कापणारी शहरातली एकटी बाई ती. पण आता जाड कापडावर कात्री दाबण्याचं बळ दंडांत उरलं नव्हतं. दुकान तयार कपड्यांच्या एका व्यापाऱ्याला द्यायचं तिने ठरवलं होतं.

"मी आहे ना," भाची तेव्हा म्हणाली होती.

"तू शिवतेस. कापणं वेगळं."

"एक कोट कापू दे मला. बसला नाही, तर खुशाल दे दुकान."

"काप माझाच. पण अंगाला टेप लावू देणार नाही." आणि आत्याने स्वतःचा जुना कागदी फर्मा तिच्यापुढे टाकला होता. गोळ्यांच्या आधीच्या मापाचा. भाचीने तो मुकाट्याने उचलला, तेव्हा आत्याला जिंकल्यासारखं वाटलं. आणि त्या दिवशी, गोळ्यांमुळे एवढी भूक लागत असूनही, तिला जेवण गेलं नाही.

आता शाल खुर्चीवर पडली होती. आत्याने बटणं लावली. पोटावर ताण नाही. बाह्या बारीक दंडांवर लोंबत नव्हत्या. तिने हात मागे नेला. उशीवर मांजर बसावं तशी कॉलर उंचवट्यावर निवांत टेकली होती. मनगटापाशी आतून मऊ अस्तर होतं, कातडीला न घासणारं.

"फर्मा कुठाय?"

"खुंटीला. तो एका सडपातळ बाईचा होता. तिने कोट मागितला नव्हता."

"फार बोलायला लागलीस. माप कधी घेतलंस?"

"नजरेने घेतलं. तूच म्हणतेस ना, गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत मापून व्हायला हवं? तू तर सात वर्षं येतेयस."

आत्याने कोट उतरवला, उलटा केला आणि खोट शोधायला लागली. शिवणीवरून अंगठा फिरत गेला, कुशीपाशी थांबला.

"हे कच्चे टाके? काढायला विसरलीस!" तिचा आवाज एकदम तरतरीत झाला.

"विसरले नाही. डॉक्टर गोळी हळूहळू कमी करणार आहेत ना? तुझं अंग उतरेल, तसा कोट आत घ्यायचा. म्हणून पक्क्या शिवणीच्या आत ही दुसरी रेघ."

आत्या त्या रेघेकडे बघत राहिली. तीस वर्षं तिने समोर उभ्या असलेल्या माणसाचं माप घेतलं होतं. पुढच्या वर्षी येणाऱ्या माणसाचं कधी घेतलं नव्हतं.

नाक ओढून ती म्हणाली, "इस्त्री बघ. जळेल काहीतरी." आणि कोट पुन्हा अंगात घातला.

दुपारी व्यापारी आला, तेव्हाही तो तिच्या अंगातच होता.

"वा, मास्तरबाई! झकास कोट. कुठल्या दुकानातला?"

"ह्याच. आमच्या कटरने कापलाय."

भाचीच्या हातातली पाण्याची वाटी कलंडली.

व्यापारी हसला. मग हसायचा थांबला. "म्हणजे आपलं जे बोलणं झालं होतं, ते..."

"ते राहू द्या. आणि पुढून काय बघताय? पुढून कुणीही बसवेल."

आत्या सावकाश वळली. भर उजेडात, त्याच्याकडे पाठ करून, जमेल तेवढी ताठ उभी राहिली.

"इकडून बघा. कॉलर बघा, कॉलर."