डब्यांवरचा छत्तीसचा आकडा

मी एक जुनी प्रत आहे. पुस्तकाची नव्हे, चित्रपटाची. 'पत्ता बदलला आहे' हे माझं नाव. हसलात ना? हसा. तेव्हाही लोक नाव वाचून हसले आणि शेजारच्या थिएटरात मारामारीचा सिनेमा बघायला गेले. मला सवय आहे.

मित्रांनो, तुम्ही बोट लावलं की सिनेमा सुरू होतो. माझ्या काळी तसं नव्हतं. सिनेमा म्हणजे लांबच लांब फीत, आणि तिच्यावर ओळीनं बसलेली बारीक बारीक चित्रं. सगळी फीत एका चाकावर मावत नाही, म्हणून तिचे तुकडे करून वेगवेगळ्या चाकांवर गुंडाळतात. त्या एकेका गुंडाळीला रीळ म्हणतात. माझी रिळं आठ, म्हणून डबे आठ. पहिलं संपलं की दुसरं लावायचं, दुसरं संपलं की तिसरं. क्रम चुकला की गोष्ट चुकली. एवढं ध्यानात ठेवा, कारण माझ्या नशिबाची सगळी माती तिथंच झाली.

माझा जन्म एका काळोख्या कारखान्यात झाला. मला औषधांच्या हौदांतून ओढलं, धुतलं, गरम हवेवर वाळवलं. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईनं मला दिव्यासमोर धरून निरखलं आणि म्हणाली, "एक ओरखडा नाही!" तेव्हा काय तकाकी होती माझ्या अंगावर! उगीच बढाई मारत नाही, होती ती होती. माझ्याबरोबर जन्मलेल्या माझ्या बहिणी, म्हणजे याच सिनेमाच्या दुसऱ्या प्रती, गावोगावी गेल्या आणि पुढं कुठं कुठं मेल्या. उरले मी एकटी.

आता माझ्या पोटातली गोष्ट ऐका, म्हणजे पुढचं भांडण कळेल. एक हेर परक्या शहरात घड्याळं दुरुस्त करत राहत असतो. टेलिफोनच्या ऑफिसात एक बाई असते, तीही हेर. एकमेकांना खरं नाव सांगायचं नाही, असा त्यांच्या कामाचा नियम. तिसऱ्या रिळात ती तो नियम मोडते. त्याच्या दुकानात त्याच्या कानाशी वाकून स्वतःचं नाव सांगते, आणि नेमकी त्याच घटकेला भिंतीवरची सगळी घड्याळं ठणाणा वाजायला लागतात. नाव फक्त त्याला कळतं, आपल्याला नाही. सहाव्या रिळात तिला पुलावर गोळी लागते. तो चार पावलांवर उभा असतो. हाक मारली तर पकडला जाईल. त्याचे ओठ हलतात, पण आवाज निघत नाही. आठव्यात त्याच्या दुकानाच्या दारावर पाटी दिसते, 'पत्ता बदलला आहे'. संपलं. यात ना नाच, ना गाड्यांची पळापळ. म्हणून लोकांनी नाकं मुरडली.

कारखान्यातून मी गोदामात गेले. तिथं एक रंगारी डब्यांच्या झाकणांवर आकडे काढायचा. मोठा कंजूष! पत्रा वाचवायला त्यानं तीन आणि सहासाठी एकच कापलेला छाप ठेवला होता. छाप सुलटा धरला की तीन, उलटा धरला की सहा. तुम्हीही करून बघा. कागदावर ३ काढा आणि आरशासमोर धरा. त्या दिवशी गडी शेजारच्याशी गप्पा छाटत होता. तिसऱ्या डब्यावर त्यानं छाप उलटा ठेवला आणि सहाव्यावर सुलटा. झालं! माझ्या बहिणींच्या कपाळी सरळ आकडे आणि माझ्या कपाळी हा घोळ.

थिएटरात मशीनवाल्यानं झाकणं बघून रिळं लावली. पुलावर बाई मेली तिसऱ्यात. चौथ्यात तीच बाई खुर्चीत बसून टेलिफोन घेतेय! मशीनवाला धावत मॅनेजरकडे गेला.

"साहेब, ती बाई मेली होती ना?"

"हेरांचा सिनेमा आहे," मॅनेजर म्हणाला. "हेर असंच करतात. तू तुझा दिवा बघ."

आणि ती स्वतःचं नाव सांगते तो प्रसंग लागला सहाव्यात, ती मेल्यावर कितीतरी वेळानं. मी आतल्या आत ओरडत होते, "अरे, पोटाच्या जागी पाठ लावलीत माझी!" पण फितीचं कोण ऐकतो? थोड्याच दिवसांत खेळ उतरला. कंपनीनं मला परत मागवायचीही तसदी घेतली नाही. मी जिन्याखाली पडले, झाडू आणि फुटक्या खुर्च्यांशेजारी. पुढं ते थिएटरही बंद पडलं.

मला तिथून उचललं ते दातांच्या डॉक्टरांनी. तरुणपणी त्याच थिएटरात त्यांनी मला पाहिलं होतं आणि जीव लावला होता. मला वाटलं, आता माझे दिवस फिरले. कसले फिरतायत! डॉक्टरांनी मला दवाखान्याच्या मागच्या खोलीत, कवळ्यांच्या साच्यांखाली ठेवलं आणि वर एक फडकं टाकलं. दर रविवारी दुपारी दवाखाना बंद झाला की तिथं बैठक बसायची. एक डॉक्टर, दुसरे त्यांचे भावजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. भावजी लिफ्ट दुरुस्त करायचे. त्यांनीही मला नाही, पण माझ्या एका बहिणीला दुसऱ्या गावात पाहिलं होतं, सरळ क्रमानं. आणि तिसरी डॉक्टरांची ती थोरली बहीण, ताई. ताई शाळेची बस चालवायची आणि घोड्यावर बसल्यासारखी बोलायची. ती चहा घेऊन यायची आणि कपाळाला हात लावून बसायची.

"भावजी, तुम्हाला तो सिनेमा कळलाच नाही," डॉक्टर सुरू करायचे. "ती आधी जाते, म्हणून तर पुढचं सगळं काळजाला लागतं. पुढं दिसते ती त्याची आठवण आहे, आठवण!"

"आठवण कसली डोंबलाची! ती शेवटाकडं मरते. आधी नाव सांगते, मग मरते. तुम्ही मधेच झोपला असाल."

"मी तीनदा पाहिलाय!"

"म्हणजे तीनदा झोपलात."

"तुम्हाला दोन मजल्यांच्या मधे अडकलेली लिफ्ट तेवढी कळते."

"आणि तुम्ही लोकांना आ वासायला लावता. स्वतःचंही तोंड मिटत नाही."

बाकी जगानं ज्याला हिंग लावून विचारलं नाही, अशा सिनेमाचे हे दोनच भक्त. दोघांचंही म्हणणं, याच्यासारखा हेरपट झाला नाही. आणि दोघांत छत्तीसचा आकडा! तो आकडा कुठं होता? माझ्या झाकणांवर. मी हातभर अंतरावर, फडक्याखाली. कोणी एकानं उठून डबा उघडला असता, फीत उजेडात धरली असती, तर निकाल लागला असता. पण नाही. तोंडाची वाफ दवडतील, झाकणाला हात लावणार नाहीत. माझी स्तुती ऐकून ऐकून माझे कान किटले आणि अंग सडत चाललं.

हो, सडत. मित्रांनो, आमच्यासारख्या फितीला वारा लागतो. अधूनमधून उघडावं लागतं, एका चाकावरून दुसऱ्या चाकावर सावकाश गुंडाळावं लागतं. नाही केलं तर आम्ही आक्रसतो आणि आंबतो, आणि आंबट वास सुटतो. तो वास बाहेरच्या खोलीत बसलेल्या पेशंटपर्यंत गेला. लोक दाढ धरून बसायचे आणि नाकही धरायचे. एका रविवारी सकाळी डॉक्टरांच्या बायकोनं निर्वाणीचं सांगितलं, "पुढच्या रविवारी हे डबे भंगारवाला नेणार. तुमचं प्रेम घेऊन तुम्ही मागं राहायचं की त्याच्या हातगाडीवर बसायचं, ते ठरवा."

मला वाटलं, आता तरी हलतील. त्याच दुपारी बैठकीत डॉक्टर डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "या पिढीला कळलं नाही हो काय जातंय ते!" आणि भावजी म्हणाले, "कळायला आधी क्रम नीट लक्षात पाहिजे." झालं, पुन्हा जुंपली! माझी तिरडी दारात आणि हे दोघं मी किती वाजता जन्मले यावर भांडतायत!

शेवटी ताईनं चहाची किटली आदळली.

"लग्न झाल्यापासून ऐकतेय मी हा सिनेमा. मला एकदा तरी दाखवलाय कोणी?"

"अगं, पण मशीन कुठाय?" डॉक्टर म्हणाले.

"शोधलंस कधी?"

"आजकाल कुठं मिळणार…"

"शोधलंस का, एवढंच विचारलं मी."

ताईच्या बसच्या वाटेवर सिनेमा शिकवणारी एक संस्था होती. दुसऱ्याच दिवशी ती बस थांबवून आत गेली. तिथं जुनं मशीन होतं, चालू होतं, आणि ते चालवणारी बाईही होती. इतकी वर्षं मी जिची वाट पाहिली ती गोष्ट फाटकातून आत जाऊन विचारण्याएवढी सोपी होती. रागानं माझी फीत ताठ झाली म्हणा ना!

शनिवारी शाळेच्या बसमधून, मागच्या बाकावर बसून मी गेले. संस्थेतल्या बाईनं अंधार केला. पहिलं रीळ सुरू झालं. पडद्यावर माझा उजेड पडला आणि मी म्हातारी आहे हे मी विसरले. रेघा होत्या, आवाज खरखरत होता, पण हेराची खिडकी, घड्याळांचे लंबक, टेलिफोनवालीचं ते हसू, सगळं जागच्या जागी. दुसरं संपलं. मग बाईनं ३ लिहिलेला डबा उघडला. पूल आला, गोळी सुटली.

"थांबवा! चुकीचं रीळ लावलंत!" भावजी ओरडले.

"बरोबर लावलंय! हेच ते!" डॉक्टर उभे राहिले. "सांगत होतो ना मी!"

बाईनं मशीन थांबवलं, दिवा लावला. फितीच्या तोंडाशी छापलेला बारीक आकडा भिंगाखाली वाचला आणि म्हणाली, "झाकणावर तीन आहे. आत सहा आहे."

भावजींनी दोन्ही झाकणं हातात घेतली. छाप एकच, एकावर सुलटा, एकावर उलटा. मग एकमेकांशेजारी ठेवली. ३ आणि ६, पाठीला पाठ लावून.

"म्हणजे तुम्ही झोपला नव्हतात," भावजी हळूच म्हणाले.

"तुम्हीपण बरोबरच होता," डॉक्टर म्हणाले. त्यांना हे बोलायला किती जड गेलं, ते त्यांच्या मानेवरून कळत होतं.

"आता खरं तिसरं लावा," ताई म्हणाली. "मला नाव सांगितलेलं बघायचंय."

बाईनं ६ लिहिलेला डबा उघडला आणि तिचा चेहरा पडला. हाच डबा सगळ्यांत खाली होता, फरशीच्या ओलीला चिकटून. आतल्या फितीचे वेढे एकमेकांना चिकटून दगड झाला होता. तिनं नखानं कड उचलून पाहिली. कड भुगा होऊन तिच्या हातात आली.

"हे आता उघडणार नाही," ती म्हणाली. "काही वर्षं आधी आणलं असतं तर…"

आठांतलं एकच रीळ गेलं, आणि नेमकं ते! डॉक्टर खुर्चीत बसले ते बसलेच. भांडायला आता क्रमच उरला नव्हता.

"मग सांगा," ताई म्हणाली. "तोंडी सांगा. इतकी वर्षं तेच करताय ना?"

भावजींनी घसा खाकरला. "संध्याकाळ असते. दुकानाचं दार अर्धं ओढलेलं."

"ती भिजलेला रुमाल पिळते," डॉक्टर म्हणाले.

"पिळून घड्याळावर टाकते."

"मोठ्या घड्याळावर. आणि तो म्हणतो, त्यावर नको…"

"…त्याला सर्दी होते. म्हणतो आणि हसतो."

"पहिल्यांदाच हसतो."

एकानं शब्द टाकावा, दुसऱ्यानं उचलावा. कुठंही अडलं नाही, कुणी कुणाला खोडलं नाही. ती वाकते इथपर्यंत आले आणि दोघे एकदमच थांबले.

"मग? नाव काय तिचं?" ताईनं विचारलं.

"ऐकू येत नाही," दोघे म्हणाले. "घड्याळं वाजतात."

ताईनं पदरानं डोळे टिपले आणि बाईकडं वळून खेकसली, "बघताय काय? पुढचं लावा!"

पुढची रिळं सरळ क्रमानं लागली. पुलावर हेराचे ओठ हलले, तेव्हा त्या खोलीत कोणी श्वास घेतला नाही. सिनेमा संपल्यावर ताई म्हणाली, "सोन्यासारखा आहे. आणि तुम्ही दोघं दगड आहात."

आता मी संस्थेच्या थंड खोलीत आहे, सात रिळं आणि एक दगड. दर महिन्याला मला उघडतात, वारा देतात. भंगारवाल्याची गाडी टळली. रविवारची बैठक अजून बसते. आता भांडण असं, की बाई आधी मेलेली चांगली की नंतर. दोघांनाही आता दोन्ही बाजू पटतात, म्हणून आवाज आणखी चढतो.

मी कुणाचे आभार मानणार नाही, मित्रांनो. माझं तिसरं रीळ मला कोणी परत देणार नाही. डॉक्टर आणि भावजी आहेत तोवर ते त्यांच्या तोंडी आहे. मग तेही जाईल. तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू असेल, जिचं कौतुक सगळे करतात आणि जिच्यावरचं फडकं कोणी उचलत नाही. तिच्यावरून भांडायचं तर खुशाल भांडा. पण आधी उठा, झाकण काढा, आणि डबा उघडा ठेवून भांडा.