यादीत राहायचंय का?

शाळेच्या समुपदेशक बाईंनी एक कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "हा नंबर तुमच्यासाठी आहे, लिअँडर. नोएमीसाठी नाही."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पोर दहावीतून शाळा सोडून खोलीत बसलीय, आणि उपचार कुणाला, तर बापाला! मी गावातल्या हॉकी रिंकचा बर्फ राखतो. बर्फाला तडा गेला तर मी बर्फ दुरुस्त करतो, प्रेक्षकांना नाही. बाईंना तसं ऐकवलं आणि तरातरा निघून आलो. कागद मात्र फेकला नाही. अकरा दिवसांनी पोरीच्या दारापुढचं जेवणाचं ताट सलग चौथ्यांदा जसंच्या तसं उचललं, तेव्हा निमूटपणे फोन केला.

नंबर जिल्ह्याच्या कुटुंब केंद्राचा होता. मुलांच्या काळजीने खचलेल्या आईबापांचा एक गट, सोबत एक थेरपिस्ट, दर गुरुवारी संध्याकाळी. जागा अर्थातच नव्हती. आमच्या या समुद्राकाठच्या टोकाला दाताच्या डॉक्टरसाठीसुद्धा ताटकळावं लागतं. "वर्षभर तरी लागेल," फोनवरची बाई म्हणाली. "नाव लिहू का?" मी म्हटलं, लिहा.

तिचं नाव बर्नडीन. केंद्राचा नियम असा, की यादीतल्या प्रत्येकाला दर सहा आठवड्यांनी फोन करायचा आणि तीन प्रश्न विचारायचे. पत्ता तोच आहे का? मूल सुरक्षित आहे का? यादीत राहायचंय का? सोमवारी दुपारी मी जेवायला घरी आलो असताना तिचा फोन यायचा. पहिल्या खेपेला मी तीनदा हो म्हटलं, आणि ठेवता ठेवता उगाच बोलून गेलो की काल पोरीने बटाट्याची रापी खाल्ली. रापी म्हणजे बटाटा किसून, मांस घालून ओव्हनमध्ये भाजायचा आमच्याकडचा पदार्थ; आणि ती माझ्या हातची, म्हणजे खाल्ली हेच नवल.

सहा आठवड्यांनी बर्नडीनने तीन प्रश्न विचारले आणि मग म्हणाली, "रापी पुन्हा केलीत की नाही?"

हातातला चमचा तसाच राहिला. माझं बोलणं कुणीतरी सहा आठवडे लक्षात ठेवलं होतं. नोएमीची आई ओडेट तीन वर्षांपूर्वी कामासाठी देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, अल्बर्टाला गेली आणि तिथलीच झाली. ती रविवारी पोरीला फोन करते, पोर उचलत नाही, मग ती माझ्यावर डाफरते. रिंकवरचे दोस्त "पोरगी कशी आहे?" असं विचारतात आणि मी तोंड उघडायच्या आत स्कोअर बघायला लागतात. त्यांना तरी काय बोलणार? मी स्वतः वर्षानुवर्षं तेच केलेलं आहे.

"मला सल्ला देता यायचा नाही हं," बर्नडीन म्हणाली. "मी थेरपिस्ट नाही. मी फॉर्म भरते."

"म्हणूनच तर बोलतोय. सल्ले देणारे गावात पैशाला पासरी आहेत."

ती खळखळून हसली. माझ्या स्वयंपाकघरात त्या वर्षी तेवढंच हसणं झालं.

मग मला सवयच लागली. तिला सांगायच्या गोष्टी मी सहा आठवडे साठवायचो. पोर भरदुपारी अंघोळीला गेली, वीस मिनिटं नळ चालू होता. पोरीने दाराखालून चिठ्ठी सरकवली, तीत एकच शब्द, 'टूथपेस्ट', पण अक्षर काय सुरेख! एकदा तर बर्नडीन आणि मी चाळीस मिनिटं बोललो आणि माझं सूप गार झालं. दुसऱ्या प्रश्नाला मी दर वेळी ठासून हो म्हणायचो. घरात आहे, म्हणजे सुरक्षितच की.

चौदा महिने झाले. मार्चमधल्या एका सोमवारी, ठरलेली वेळ नसताना, बर्नडीनचा फोन आला. तिचा आवाज आनंदाने फुलला होता. "लिअँडर, जागा झाली! या गुरुवारी, साडेसहाला. वाचनालयाच्या तळघरात."

"तुम्ही असाल तिथे?"

"मी कशाला? मी इथे ऑफिसात. तुमचं नाव आता यादीतून निघेल. सुटलात माझ्या फोनांतून!"

मी म्हणालो, "गुरुवारी जमायचं नाही. हॉकीचा हंगाम आहे."

"नाही म्हटलंत तर नाव तळाला जातं. पुन्हा वर्ष घालवावं लागेल."

"चालेल."

तिने विचारलं, "खरंच काम आहे ना?"

"हो," मी म्हणालो. गुरुवारी माझी सुट्टी असते.

त्या गुरुवारी साडेपाचला मी गाडी काढली आणि चाळीस मिनिटं चालवत वाचनालयापाशी गेलो. इंजिन बंद केलं नाही. एकेक जण येत होता. आल्फे प्लंबर डोनटचा खोका सांभाळत तळघराच्या पायऱ्या उतरला. आल्फे! ज्याच्या घरी सगळं आबादीआबाद आहे असं मी धरून चाललो होतो, ज्याच्या विनोदांनी माझं डोकं उठायचं. आत गेलो असतो तर खुर्ची मिळाली असती. पण त्या लोकांना मी सगळं अगदी पहिल्यापासून सांगायचं? रापी, नळ, टूथपेस्ट? बर्नडीनला ते सगळं माहीत होतं. मी गाडी वळवली.

एप्रिलमधल्या ठरलेल्या सोमवारी फोन वाजला. सूप बाजूला सारून मी उचलला. "बर्नडीन, ऐका..."

"आपला पत्ता तोच असल्यास एक दाबा," एक गुळगुळीत आवाज म्हणाला.

"बर्नडीन?"

"आपलं उत्तर समजलं नाही. पत्ता तोच असल्यास एक दाबा."

मी एक दाबला.

"आपलं मूल सुरक्षित असल्यास एक दाबा. नसल्यास दोन. माहीत नसल्यास तीन दाबा."

बर्नडीनने तिसरा पर्याय कधी दिलाच नव्हता, की मीच तिला विचारू दिलं नव्हतं कोण जाणे. माझं बोट एकवर गेलं आणि तिथेच अडलं. चौदा महिने मी एका परक्या बाईला माझ्या पोरीची बित्तंबातमी देत होतो, आणि पोरीला एकदाही विचारलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

फोन टेबलावर ठेवून मी जिना चढलो आणि दार वाजवलं. एरवी फक्त ताट ठेवताना वाजवायचो.

"नोएमी, बरी आहेस ना गं?"

 आतून आवाज आला, "आज ती बाई का नव्हती?"

"कोण बाई?"

"बर्नडीन. पपा, तू फोनवर बोलत नाहीस, ओरडतोस. सगळं ऐकू येतं."

मी आवाज खाली आणला. "त्यांनी आता मशीन लावलंय."

"त्या गुरुवारची मीटिंग कशी झाली? तू काही बोललाच नाहीस. फोनवर नाही म्हणाला होतास, पण तू गाडी काढलीस तेव्हा मी खिडकीत होते. वाटलं, चला, आपल्यातला एक तरी गेला."

थाप मारणं सोपं होतं. पुढे काय झालं ते तिने बघितलं थोडंच होतं! पण दाराआड ती वाट बघत होती.

"गेलो होतो," मी म्हणालो. "वाचनालयापर्यंत. आत नाही गेलो. गाडीतूनच परत आलो."

 तिचा आवाज आता खालून आणि अगदी जवळून आला. दाराला टेकून जमिनीवर बसली असावी.

"मीपण तेच करते. तू सकाळी रिंकवर गेलास की बूट घालते, दप्तर घेते, बसच्या थांब्यापर्यंत जाते. बसचं दार उघडतं. आणि मी परत येते."

"कधीपासून?"

"नाताळपासून. रोज."

मी इकडे तिच्या नळाची मिनिटं मोजत होतो, आणि ती रोज घराबाहेर पडत होती. त्या रस्त्यावरून एकटीच जात होती आणि एकटीच परत येत होती, नि मला त्याचा पत्ता नव्हता. माझे डोळे भरून आले.

"उद्या मी रिंकवर उशिरा जातो," मी म्हणालो.

तिने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. दार बंदच होतं. मी अलीकडच्या बाजूला त्याच दाराला पाठ टेकून जमिनीवर बसलो आणि बसूनच राहिलो.