उशी आणि भोपळ्याच्या बिया

डब्याच्या झाकणाला आतून रबराची कडी असते. डब्यात बीट भरलं असेल, तर तो परत येताना त्या कडीच्या खाचेत गुलाबी रेघ उरते. नुसतं पाणी फिरवून ती जात नाही. आज ती रेघ नव्हती. कुणीतरी कडी काढून, खाच घासून, कडी पुन्हा नीट बसवली होती. तिने झाकण नाकाशी नेलं. लिंबाचा वास आला. घरातला साबण बिनवासाचा होता.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. लिफ्टचे दोर तो लेकराला न्हाऊ घालावं तसे पुसायचा, पण लग्नापासून घरातला एक चमचा त्याने विसळला असेल तर शपथ.

"डबा कोण धुतं हो तुमचा?" तिने विचारलं.

"मीच की," तो पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला. "का? नीट नाही निघाला?"

"फारच नीट निघालाय."

यापुढे तिने विचारलं नाही. खाद्यपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिची उमेदीची वर्षं गेली होती. आधी पुरावा, मग बोलणं, ही तिची सवय. पण पुरावा हाती असूनही जे बोलता येत नाही, असंही तिच्या घरात एक होतं.

पाळी जायच्या दिवसांत तिच्या अंगाची लाही लाही व्हायची. रात्रीतून कितीदा तरी पांघरूण फेकावं, पुन्हा ओढावं. एकदा वैतागून ती म्हणाली होती, "तुम्ही थोडे दिवस बाहेरच्या खोलीत झोपा बघू." तो चकार शब्द न काढता उशी घेऊन कोचावर गेला. पुढे लाही थांबली, झोप परत आली, उशी मात्र बाहेरच राहिली. दिवसभर दोघं हसतखेळत असायची. रात्री दार लागायचं. आत या, एवढंच तर म्हणायचं होतं. रोज संध्याकाळी ते तिच्या ओठांवर यायचं आणि तोंडातून निघायचं, "दूध आणलंत का?"

मग तिला जे येत होतं ते तिने केलं. त्याच्या डब्यात हात घातला.

एखादा पदार्थ खाल्ला आणि इच्छा जागी झाली, असं काही नसतं हे ती पक्कं जाणून होती. पण हृदयाला जे मानवतं तेच इच्छेलाही मानवतं, कारण रक्त दोन्हीकडे त्याच नळ्यांतून जातं. बीट आणि पालक या नळ्या सैल ठेवायला मदत करतात. भोपळ्याच्या बियांत आणि अंड्यात जस्त असतं, अक्रोडात आणि मासळीत चांगली चरबी. मीठ कमी, तळण कमी, बाटलीतलं गोड पाणी बंद. चमत्कार नाही, पण महिनोन्‌महिने सांभाळलं तर माणूस हलका होतो, आणि हलक्या माणसाला बाकीचं सुचतं. दोन वेगळे स्वयंपाक कोण करणार, म्हणून स्वतःच्या डब्यातही ती तेच भरू लागली.

तिच्या बाबतीत गुण आला. प्रयोगशाळेचा जिना ती न थांबता चढू लागली. एका सकाळी तो दाढी करत होता, तर त्याच्या मानेकडे बघता बघता तिचं दूध उतू गेलं. त्याच्यात मात्र फरक शून्य. उलट तो पोटावर हात फिरवत म्हणायचा, "हल्ली फार जड जड वाटतं बुवा."

बीट आणि पालक खाऊन जड?

लिंबाचा वास आला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तिने चपला सरकवल्या आणि तो ज्या इमारतीत काम करत होता तिथे जाऊन थडकली. तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडं होतं. दारातच नट आवळायचे पाने आणि तेलाचा डबा बाजूला सारून दोघं जेवायला बसले होते, तिचा नवरा आणि त्याचा जोडीदार. हा जोडीदार बसला तरी इतरांच्या खांद्याला लागायचा, म्हणून सगळे त्याला लंबू म्हणत. तिचा डबा लंबूच्या मांडीवर होता. नवऱ्याच्या पुढ्यात तळलेल्या बटाट्यांचा ढीग.

"वहिनी!" लंबू अर्धा उठला. त्याचे ओठ बिटाने लालेलाल झाले होते. "या ना, बसा! तुमच्या हाताला काय चव आहे हो. बायको तर मागेच लागलीय, वहिनींना विचारा या बिया कुठून आणतात. म्हणाली, डबा निदान चकचकीत घासून देत जा."

"लिंबाच्या साबणाने," ती म्हणाली.

"तुम्हाला कसं कळलं?" लंबू खूश झाला. "हल्ली घरी गेलो की मी टीव्ही लावतच नाही, वहिनी. बायको म्हणते, तुम्ही पुन्हा लग्नाच्या वेळेसारखे…"

नवऱ्याला जोराचा ठसका लागला.

"लंबू, वर जा. मोटर बघून ये."

"मोटर मघाशी बघितली की."

"पुन्हा बघ!"

लंबू उरलेलं अंडं तोंडात कोंबून जिना चढू लागला. ती लिफ्टच्या उंबऱ्यावर त्याच्या जागी बसली आणि तिला हसूच फुटलं. "प्रयोग बिनचूक झाला," ती डोळे पुसत म्हणाली. "उंदीर तेवढा भलताच निघाला."

तोही हसला, पण मान खाली घालून. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. दातांच्या डॉक्टरांकडे बसलो असताना एका मासिकात वाचलं होतं, पुरुषाची उमेद वाढवायला काय खावं ते. डबा उघडला तर बीट, बिया, अक्रोड, सगळी वऱ्हाडी मंडळी हजर! म्हटलं, हिला वाटतंय माझ्यात बिघाड झालाय. मग घास उतरेना."

"अहो, बिघाड कसला?"

"तेच तर. लिफ्ट अडली की आम्ही आधी मोटर खोलत नाही. आधी दार बघतो. बहुतेक वेळा दाराचंच काहीतरी असतं."

तिने लिफ्टच्या उघड्या दाराकडे पाहिलं.

"मग ठोठावायचं होतं," ती म्हणाली.

"तूच पाठवलं होतंस ना बाहेर. मला वाटलं, अजून त्रास होत असेल. तू बोलावशील म्हणून थांबलो." त्याने बटाट्यांचा डबा लांब सारला. "त्या कोचावर पाय मावत नाहीत माझे. सकाळी उठलो की गुडघे करकरतात."

"झोपच धड नाही, तर बीट तरी काय करणार!" म्हणत तिने डब्यातल्या उरलेल्या बिया त्याच्या तळहातावर ओतल्या. "खा. ही औषधं नाहीत. जेवण आहे. मीही हेच खाते."

त्याने तिच्याकडे बघत एक बी तोंडात टाकली. मग दुसरी. "तुला काही फरक?" त्याने हळूच विचारलं.

तिचे कान तापले. "दूध उतू गेलं होतं ना त्या दिवशी," ती म्हणाली. "ते तुमच्यामुळे."

"माझ्यामुळे? मी तर दाढी…" तो थांबला. त्याचा चेहरा थेट कानांपर्यंत उजळत गेला.

तेवढ्यात लिफ्टच्या भिंतीतून खरखर आली. बटणांच्या वर बोलायची जाळी होती, आणि जाळीशेजारचा हिरवा दिवा जळत होता.

"हळू," नवरा कुजबुजला. "हे चालूच राहिलंय. वर मोटरपाशी सगळं ऐकू जातं."

"मला काहीच ऐकू येत नाहीये, वहिनी," जाळीतून लंबूचा आवाज आला. "तुम्ही बोला निवांत."

नवऱ्याचा हात बटणाकडे गेला. तिने तो मध्येच धरला, आणि धरूनच ठेवला. बंद दाराआड जे इतके दिवस जमलं नव्हतं, ते या उघड्या दारात आता सहज जमेल असं तिला वाटलं.

"आज उशी आत आणा," ती मोठ्याने म्हणाली. "आणि पुन्हा बाहेर न्यायची नाही."