पूजेची तार आणि मी गोणपाट

मी एक जुना गोणपाटाचा तुकडा आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. तुम्ही जन्मात खाल त्याहून जास्त तांदूळ मी अंगावर वागवला आहे.

तागाच्या गिरणीत मला विणून पोतं केलं. कल्याणच्या बाजारात हमालांनी आकडे खुपसून मला भोकं पाडली, आणि मग भोकं आहेत म्हणून फेकून दिलं. माणसाच्या बुद्धीशी माझी पहिली ओळख अशी झाली.

ठाकुर्लीच्या चाळीतल्या गोदूबाईने मला उचललं. अंगणात भेंडीचं एकच झाड. त्याच्या फांदीला ती लेकीची झोळी टांगायची. दोरी आणि साल यांच्यामध्ये माझी जाड घडी घालायची. "साल कापली की झाड उपाशी मरतं," ती म्हणायची. एवढं कळायला तिला शाळा लागली नव्हती. शाळा शिकलेले चाळीचे सेक्रेटरी सुधीरराव शेजारीच राहत.

१९५३ साली चाळीने सत्यनारायण घातला. ताडपत्री ताणायला सुधीररावांनी भेंडीच्या खोडाला लोखंडी तार आवळली. गोदूबाईने मला पुढे केलं.

"भावोजी, खाली हे घाला. आणि उद्या सोडा."

"वहिनी, फोटो काढायचाय. त्यात गोणपाट?"

मला गटाराकडे भिरकावून त्यांनी तारेवर झेंडूचा हार चढवला. कोणीतरी तिला हळदकुंकू लावलं. झालं. दुसऱ्या दिवशी ताडपत्री उतरली, तार राहिली. पूजेची तार सोडायची कशी? येता-जाता लोक तिला हात जोडू लागले. चाळीतल्या विमलाबाईंनी मुलाच्या मॅट्रिकसाठी तिला नारळ बोलला. मुलगा नापास झाला, तरी तारेची पत कमी झाली नाही.

दीड वर्षात तार सालीत रुतली. पानं पिवळी पडून गळू लागली. झोळीत आता धाकटी होती, दोरीखाली माझ्या जागी जुन्या लुगड्याची घडी. तिच्यावर भर दुपारचं ऊन येऊ लागलं, अंगभर घामोळं उठलं. खोलीत झोळी टांगायला जागा नव्हती. गोदूबाई नवऱ्याची पक्कड घेऊन आली.

सुधीरराव आडवे आले. "वहिनी, पूजेची तार तोडायची नसते."

"मग विसर्जन करा. गणपतीसुद्धा दीड दिवसात जातो. ही दीड वर्ष बसलीय."

चाळ हादरली. मित्रांनो, झाड वाळतंय याचं कोणाला काही नव्हतं. विसर्जन राहून गेलं, हे मात्र सगळ्यांना लागलं. तारेची आरती झाली. सुधीररावांनी पक्कड चालवली. झांजा वाजवत तार खाडीत बुडवली, आणि सवयीने तिला पुढच्या वर्षी लवकर यायला सांगितलं.

झाडाने पालवी धरली. खोडावर वण राहिला. मी गटारावरून परत फांदीवर आलो.

पुढच्या वर्षी, दिल्या शब्दाला जागून, सुधीरराव पूजेसाठी नवी तार घेऊन हजर. गोदूबाईने मला खोडाभोवती गुंडाळलं आणि कुंकू लावलं. मला काढायची कोणाची छाती झाली नाही. तार माझ्यावरूनच गेली, आणि तिच्या विसर्जनाचा मुहूर्त गोदूबाईने दुसऱ्याच दिवसाचा काढला.

तेव्हा मित्रांनो, झाडाला काहीही बांधाल तर खाली जाड, रुंद घडी घाला, आणि काम झालं की सोडा. का, ते नाही कळलं तरी चालेल. तुम्हाला हात जोडता येतात, तेवढं पुरे.