डबा वाजवू नका

नांदेडहून आलेल्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलंय, हे शेषेरावांना रोज सकाळी केस विंचरताना आठवायचं. पत्र आरशापुढच्या फळीवर कंगव्याखाली ठेवलेलं होतं. कंगवा उचलला की मुनीब नावाच्या माणसाचं ठसठशीत अक्षर दिसायचं. शेषेराव भांग पाडायचे आणि कंगवा परत पत्रावर ठेवायचे. पत्राला पंधरवडा होत आला होता.

लिहायला बसलेच नव्हते असं नाही. 'सप्रेम नमस्कार' इथवर गाडी सुरळीत जायची. पुढचं वाक्य कागदावर उतरलं की एकतर खोटं वाटायचं, नाहीतर आगाऊ. पत्राच्या शेवटी फोन नंबरही होता. एकदा धीर करून लावला. पलीकडून कुण्या मुलीनं 'हॅलो' म्हटलं आणि शेषेरावांनी फोन बंद करून उशीखाली ठेवला.

माणूस जन्माचाच असा. नोकरी एस.टी.त, वाहतूक नियंत्रकाची. लातूरच्या स्टँडवर काचेमागं बसून माइकमध्ये 'उदगीरमार्गे जळकोटला जाणारी गाडी फलाट क्रमांक सहावर लागलेली आहे' असं सांगण्यात उभी हयात गेली. हजारो माणसांशी बोलले, पण एखादा खिडकीशी येऊन 'साहेब, नाव काय तुमचं' म्हणाला तर जीभ टाळूला चिकटायची. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात टेबलाखाली पुस्तक उघडं असायचं. घरातलं बोलणं, पाहुण्यांचं बोलणं, भांडणसुद्धा, सगळं तुळजाबाईंकडे होतं.

तुळजाबाई दिवाळीनंतर गेल्या. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत आटोपलं. तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले. शेषेराव रडले नाहीत. रडू येईल म्हणून त्यांनी वाट मात्र पाहिली. मांडी घालून पाय बधिर झाल्यावर माणूस चिमटा काढून बघतो, तसं ते मधूनच तुळजाबाईंची एखादी वस्तू हातात घेऊन बघायचे. चष्मा, अडकित्ता, खाटेखालची चप्पल. काहीच व्हायचं नाही. मग वस्तू होती तिथं ठेवून द्यायचे.

माघात एका दुपारी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं कबुतर सापडलं. राखाडी रंग, मानेवर हिरवी झाक, छाती पहिलवानासारखी भरलेली. उजवा पंख जमिनीला टेकत होता आणि पायात प्लास्टिकचं कडं होतं. शेषेरावांनी त्याच्यापुढं वरणभात ठेवला. कबुतरानं वरणभाताकडं बघितलं आणि तोंड फिरवलं.

खाली भाड्यानं राहणारी उज्वला चांदपाशाला घेऊन आली. गल्लीच्या तोंडाशी त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान आणि दुकानाच्या पत्र्यावर पाच-पंचवीस कबुतरं.

"वरणभात?" चांदपाशा म्हणाला. "साब, लोणचं बी द्यायचं होतं मग. ह्यो गावठी न्हाई, होमर हाय. शर्यतीचा. सोलापुरातनं सोडले असतील, वाटंत शिक्र्यानं धरलंय. कड्यावर नांदेड लिवलंय बगा."

"मालकाला कळवायला पाहिजे," शेषेराव पुटपुटले.

"मालक कोन? ज्याच्या छतावर उतरलं त्याचं पाखरू. आमच्यात हीच रीत हाय. नांदेडवाला बी असंच म्हनंल." त्यानं जखमेला हळद भरली, पंखाची लांब पिसं दोऱ्यानं हलकेच बांधली आणि विचारलं, "करडई हाय का घरात? होमर करडईवर जीव टाकतो."

करडई होती. तुळजाबाईंच्या भावानं जळकोटहून आणून दिलेली, दूध पावडरच्या जुन्या डब्यात भरलेली. तुळजाबाई तिची चटणी करायच्या. डब्याचं झाकण मोठं चिवट. तळहातानं दोन ठोसे मारून, डबा चांगला खळखळ हलवल्याशिवाय ते निघायचं नाही. शेषेराव रोज चारच्या सुमाराला गच्चीवर जायचे, डबा हलवायचे, झाकण काढायचे आणि ओंजळीतून दाणे द्यायचे. आठवडाभरात कबुतर डब्याचा आवाज आला की टाकीमागनं तुरुतुरु चालत यायला लागलं. पंधरा दिवसांत ते त्यांच्या मनगटावर चढलं. त्याच्या पायांना ऊब होती. शेषेरावांना ती ऊब जाणवायची, आणि आपल्याला काहीतरी जाणवतंय हेही जाणवायचं. त्यापलीकडं ते गेले नाहीत.

पंख भरून आला. चांदपाशा म्हणाला, दोरा आणखी दोन महिने राहू द्या, पक्कं हिलवल्याशिवाय, इथल्या दाण्याची सवय लागल्याशिवाय सोडू नका, म्हणजे पाखराला हेच घर वाटेल. पण कबुतर दिवसभर ईशान्येकडं तोंड करून बसायचं. स्टँडवर चुकीच्या फलाटावर बसून राहिलेली माणसं शेषेरावांनी पुष्कळ पाहिली होती. एका सकाळी त्यांनी कात्रीनं दोरा कापला, 'पक्षी बरा झाला आहे' एवढं आणि खाली आपला पत्ता लिहिलेली चिठ्ठी त्याच्या पायाला बांधली. कबुतरानं डोक्यावर दोन चकरा घेतल्या आणि ते गेलं. शेषेराव खाली आले, भाकरी खाल्ली, भांडी घासली. चार वाजता डबा घेऊन गच्चीवर गेले.

दुसऱ्या दिवशीही गेले. तिसऱ्याही.

"काका, पाखरू गेलं तरी डबा वाजवताव?" जिन्यात उज्वलानं विचारलं. "कुनाला बलावताव?"

"झाकण निघत नाही," शेषेराव म्हणाले.

मग ते पत्र आलं. मुनीब नांदेडच्या इतवाऱ्यात घड्याळं दुरुस्त करायचा. त्यानं लिहिलं होतं:

'शेषेरावजींना सलाम. पाखरू पोचलं, चिठ्ठी मिळाली. पंखाला नीट जपलंत, तुमचे उपकार आहेत. त्याची जोडी इथंच होती. परवा मादीनं अंडी दिली. रात्री ती बसते, दिवसा नराची पाळी. तो बसतो, पण त्याचं मन दोन ठिकाणी आहे. चार वाजले की नैर्ऋत्येकडं तोंड करून पत्र्यावर जाऊन बसतो. काल माझ्या नातीनं, नाझनीननं, बिस्किटाचा डबा हलवला, तर अंड्यावरून उठून खाली आला. आम्ही पाखरांना शिट्टी घालतो. माझ्या घरी डबा कधी वाजला नाही. तेव्हा समजलो की तुम्ही डबा वाजवत होता. ठाऊक नसताना तुम्ही त्याला पक्कं हिलवलंत. एक दिवस तो तुमच्याकडं येणार. आला तर पाणी द्या. दाणा देऊ नका, डबा वाजवू नका. उपाशी पाखरू दिवस मावळायच्या आत घर गाठतं. दाणा दिलात तर तो तुमचा, मी मागायला येणार नाही, आमची रीतच आहे. अंडी तेवढी गार होतील, एकटी मादी पुरी पडत नाही. आणि एक विनंती. अजून डबा वाजवत असाल तर थांबवा. लातूरचा डबा नांदेडला ऐकू येत नाही, एवढं मलाही कळतं. पण तो आला आणि त्याच घडीला डबा वाजला, तर पुन्हा तुमच्यापासून तुटायचा नाही. थांबवला म्हणून दोन ओळी टाका. माझी काळजी जाईल.'

दोन ओळी. तेवढ्याच शेषेरावांना लिहिता येत नव्हत्या. थांबवला म्हणून लिहावं तर चार वाजता पाय आपोआप जिना चढायचे. थांबवत नाही म्हणून लिहावं तर कोणत्या तोंडानं. दिवसातला तेवढा एक आवाज त्यांना आपला वाटायचा. तो बंद केल्यावर चारपासून अंधार पडेपर्यंतच्या वेळाचं काय करायचं, ते त्यांना माहीत नव्हतं.

चैत्रातल्या त्या सकाळी उज्वला गच्चीवर कुरडया घालत होती. जुन्या साडीवर सोऱ्यानं एकेक वेटोळं पडत होतं. शेषेराव टाकीच्या सावलीत पुस्तक घेऊन बसले होते.

"काका," ती हात न थांबवता म्हणाली, "तुमचा पाव्हना आला बगा."

कबुतर कठड्यावर उतरलं होतं. चोच उघडी, छाती वरखाली होत होती. शेषेराव उठले. वाटीत पाणी आणून त्यांनी कठड्याजवळ ठेवलं. कबुतर गटागटा प्यालं, उडी मारून खाली आलं आणि त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर चोच मारायला लागलं.

उज्वलानं खाली डोकावून हाळी घातली, तसा चांदपाशा काळ्या ग्रीसनं भरलेल्या हातानंच वर आला.

"वा," तो म्हणाला. "नांदेडहून आपल्या पंखानं आलं. आता मक्का-मदिन्याचा मौलवी बी म्हनंल पाखरू तुमचं हाय. वाजवा डबा."

"तिथं अंडी आहेत," शेषेराव म्हणाले. "फुटायला आली असतील."

"दुसरी घालंल की ती."

"कसं बोलताव ओ भाई?" उज्वला म्हणाली. "तुमची मलिका माहेरला गेली की दिवसातनं धा फोन लावताव. तवा करा की दुसरी."

"मलिकाला पंख न्हाईत म्हनून बरं हाय," चांदपाशा हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "साब, मी मजाक न्हाई करत. चाची गेल्यापासून बघतोय तुमाला. दुकानापुढनं जाताव तर सावली गेल्यावानी जाताव. ह्यो जीव तुमच्याकडं आलाय. ठिवून घ्या. कुनी नाव ठिवनार न्हाई."

शेषेरावांनी मान खाली घातली. चांदपाशा बोलला ते खरं होतं. रीतही खरी होती. मुनीबनंसुद्धा तेच लिहून दिलं होतं.

डबा टाकीजवळच्या कोनाड्यात होता. चांदपाशानं वाट बघितली आणि आपणच हात लांब केला.

"हात लावू नका," शेषेराव म्हणाले.

ते मोठ्यानं म्हणाले असावेत, कारण उज्वलाचा सोऱ्या थांबला. त्यांनी दोन्ही हातांनी डबा उचलून पोटाशी घट्ट धरला. तरीही आतले दाणे थोडे सरकलेच. कबुतरानं मान वाकडी केली. शेषेराव तसेच खाली बसले. झाकण आज ठोसे मारून काढता येत नव्हतं. नखं घालून, कडेकडेनं, घाम निथळेपर्यंत ते काढलं. खांद्यावरचा पंचा आत कोंबला आणि झाकण दाबून बसवलं. मग डबा हलवून बघितला. आवाज आला नाही.

चांदपाशा जिन्याशी जाऊन परत फिरला आणि म्हणाला, "कबुतरबाज असता तर तुमच्याशी बोलनं टाकलं असतं मी," आणि उतरून गेला.

ऊन चढलं. कबुतर शेषेरावांच्या भोवती फिरत राहिलं. ते मनगटावर चढलं, ओंजळ उघडी नाही म्हणून बोटांच्या फटीत चोच घालून बघितली, उतरलं, पुन्हा चढलं. शेषेरावांनी हात हलवला नाही. उपाशी ठेवणं सोपं असेल असं त्यांना वाटलं होतं, कारण त्यात काहीच करायचं नसतं.

मग कबुतराला कुरडया दिसल्या. ओल्या, गव्हाच्या चिकाच्या. ते तुरुतुरु साडीच्या कडेला गेलं. उज्वलानं शेषेरावांकडं बघितलं.

"एखादी खाल्ली तर खाऊ द्या काका. माझ्या कुरडया हायत, तुमचा दाना न्हाई. मोजत न्हाई मी."

पळवाट चांगली होती. शेषेरावांनी क्षणभर तिचा विचार केला. मग ते उठले, पंखांसारखे दोन्ही हात पसरून पुढं गेले आणि टाळी वाजवली. "हुश," ते म्हणाले. कबुतर दोन पावलं मागं सरलं आणि परत आलं. त्यांनी पायातली चप्पल काढली आणि त्याच्या बाजूला फरशीवर आपटली. ती लागली नाही, लागू नये अशीच आपटली होती. कबुतर फडफडून कठड्यावर बसलं. त्यानंतर ते खाली उतरलं नाही.

शेषेराव एका पायात चप्पल घालून उभे राहिले. उज्वलानं कुरडयांवर दुसरी साडी अंथरली, चार कोपऱ्यांवर विटा ठेवल्या आणि त्यांच्याकडं न बघता खाली गेली.

ऊन थोडं कलल्यावर कबुतरानं अंग झाडलं. या खेपेला चकरा घेतल्या नाहीत. कठडा सोडला आणि स्टँडच्या दिशेनं वर चढत गेलं. पाण्याच्या मोठ्या टाकीवरनं पुढं गेल्यावर ते दिसेनासं झालं. शेषेराव तिकडं बघत राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं. आभाळ डोळे दिपवत होतं, त्यामुळं ते कशाचं पाणी हे त्यांना ठरवता आलं नाही.

खाली येऊन त्यांनी कागद घेतला. 'सप्रेम नमस्कार' लिहिलं आणि पुढं न थांबता लिहीत गेले:

'तुमचं पाखरू आज सकाळी आलं होतं. पाणी दिलं, दाणा दिला नाही. कुरडया खायला गेलं, ते मी हुसकावलं. दुपार कलल्यावर निघालं. आतापर्यंत पोचलं असेल असं वाटतं, तुम्हीच कळवा. डबा माझ्या पत्नीचा होता. ती दिवाळीनंतर वारली. करडईही तिचीच होती. मी रोज वाजवत होतो, ते तुम्ही बरोबर ओळखलं. आता वाजवणार नाही. पिल्लं झाली का तेही कळवा. उत्तराला उशीर झाला.'

वाचून बघितलं. 'वारली' हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच आपल्या हातानं लिहिला होता. तिथं शाई जरा फुटली होती. दुसऱ्या कागदावर उतरवून काढावं असं वाटलं, मग तसंच राहू दिलं. पाकिटाला डिंक लावला, पत्ता लिहिला, पिन कोड दोनदा तपासला.

कोपऱ्यावरच्या पेटीतलं टपाल संध्याकाळी निघतं. शेषेराव पेटीशी पोचले तेव्हा पिशवीवाला माणूस कुलूप उघडत होता. त्यांनी पाकीट फटीत टाकायला हात वर केला.

"द्या इकडंच," तो म्हणाला. "कुठलं आहे?"

"नांदेड," शेषेराव म्हणाले, आणि पाकीट त्याच्या हातात दिलं.