झाकणाशेजारच्या पाटीवरचं देखणं अक्षर

मी फॉन्ट बोलतोय. दचकू नका, हसूही नका. आज माझी पाचावर धारण बसलीय, म्हणून बोलतोय.

रूप म्हणाल तर माझं! उजवीकडं झुकलेला, उभ्या दांड्या जाडजूड, बाकीच्या रेघा केसाएवढ्या बारीक. मोठ्या मथळ्यांसाठीच मला घडवलं. सोलापुरात शाकीरच्या दुकानात, त्याच्या कॉम्प्युटरवर मी राहायचो. पत्रिकेवर नवरानवरीची नावं माझ्यात छापली की बायका बोट फिरवून म्हणायच्या, "अगंबाई, किती गोड!" मी फुगून जायचो, खोटं कशाला बोलू?

तिथंच माशी शिंकली. टॉवेल कारखान्याचे मालक चनबसप्पा. त्यांनी लेकीची, अक्षताची पत्रिका माझ्यात छापली आणि पोरगी चांगल्या घरी पडली. झालं! मी शकुनाचं अक्षर ठरलो. पिशव्या, पाट्या, सगळीकडं मीच. दोन महिन्यांमागं ते रंगखात्यातल्या, वाफेवर सूत रंगवायच्या बंद यंत्राची पाटी करायला आले : 'वाफ उतरल्याशिवाय झाकण उघडू नये.'

शाकीर म्हणाला, "मालक, हे हितं नको. रेडियम कापून चिकटवायचं, बारीक रेघ वाफेनं सुटती. जाड अक्षर घेऊ की."

"गप रे! ह्या अक्षरानं माजं कदी वाईट केलं न्हाय. हेच काप."

शाकीरला गिऱ्हाईक मोडवेना. त्यानं कापलं.

तेव्हापासून मी या झाकणाशेजारी आहे. अंगावर वाफ येते, कापसाचं तूस बसतं. बारीक रेघांच्या कडा उचलल्यात. जुन्या कामगारांचं अडलं नाही, त्यांना काम पाठ. पण आज मल्लव्वा आलीय, कामाचा पहिलाच दिवस. शिकवणारा माणूस जेवायला गेलाय. यंत्राचा आवाज थांबलाय, पण आत वाफ तशीच कोंडलेली आहे.

ती माझ्यासमोर थांबली. लिहितावाचता येणारी बाई. "काय लिवलंय बया हितं?" म्हणत तिनं मला पदरानं पुसलं. तूस गेलं, त्याबरोबर माझ्या बारीक रेघाही गेल्या. उरल्या नुसत्या दांड्या.

"काय बी कळंना की. यंतर तर थांबलंय, उगडायचंच असंल," ती पुटपुटली.

शाकीर, ये रे! मला खरवडून काढ, कसलंही ओबडधोबड अक्षर लाव इथं. देखणेपण गेलं चुलीत! मल्लव्वा, मागं हो गं. कुणाला तरी विचार. माझा आवाज तुझ्यापर्यंत पोचत नाही गं!

तिनं पदर खोचला आणि झाकणाच्या कडीला हात घातला.