द्वारकेच्या वेशीत

सुरतेतल्या उधन्याच्या चाळीत राहून सुंदराला द्वारकेचं वेड लागलं होतं. कृष्णानेही मथुरा सोडली, गुजरातमध्ये येऊन राजधानी वसवली, म्हणजे देव आपल्यासारखाच परमुलखात आलेला, असा तिचा हिशेब. तो कोणा शास्त्र्याला पटो न पटो, तिला पटला होता. पण तिचं हृदय थकलं होतं आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. मरण्याआधी एकदा त्याची नगरी पाहायची, एवढंच तिचं मागणं होतं. नवरा चिंधा कापडाच्या लूमवर कामाला. मालक रजा देईल तर शपथ.

चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेग आला आणि लूम बंद पडले. अख्खी चाळ खानदेशाकडे पळाली. चिंधा मात्र बायकोला घेऊन द्वारकेच्या एसटीत बसला. वाटेत त्याच्या कानावर आलं की सुरतेच्या माणसाला कोणी दारात उभं करत नाही. त्याने ठरवलं, गाव विचारलं तर सोनगीर सांगायचं, धुळ्याकडचं. ते खोटंही नव्हतं. फक्त तिच्या जिवाला घोर नको म्हणून बायकोला काही बोलला नाही, आणि इथेच शहाणा फसला.

धर्मशाळेच्या व्यवस्थापकाने सोनगीर ऐकलं आणि खोलीची किल्ली काढली. दमलेल्या सुंदराकडे पाहून, फार लांबून आलात का, असं त्याने मायेने विचारलं, "बा, बहु दूरथी आव्यां?"

सुंदराचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत कमावलेली गुजराती तिने मोठ्या अभिमानाने काढली. "ना भाई, अमे तो सुरतनां."

किल्ली परत खुंटीला गेली. माणूस वाईट नव्हता, भ्यालेला होता; पण भीतीपुढे माया कुठली टिकायला? प्लेगवाले आले म्हणत माणसं गोळा झाली आणि दोघांना लांबूनच हाकत परतीच्या गाडीत बसवलं. सुंदराला देवळाच्या शिखरावरची ध्वजा तेवढी दिसली.

"मन्हं काय चुकनं?" तिने विचारलं.

चिंधाचा जीव तुटला. "तुन्हं काहीच नही चुकनं. आज देऊळ बंद शे."

तेवढ्यात देवळातून आरतीची घंटा ऐकू आली, मागोमाग नगारा. दोघांनीही ऐकला. चिंधाने मान खाली घातली. सुंदराने खिडकीतून हात जोडले आणि मग त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"बंद शे तं तुम्ही तरी काय करशात," ती म्हणाली.